पेशींची पकड सुटते म्हणून तोंडाचा कर्करोग पसरतो, मग मानेतल्या ग्रंथीत ती पकड शाबूत कशी?

शर्वरी, कोपरखैरणे

नमस्कार. माझे मामा तुर्भ्याच्या मसाला बाजारात २८ वर्षे माथाडी कामगार होते. चुना लावून मळलेली तंबाखू डाव्या गालफडात धरून ठेवण्याची सवय त्यांना तरुणपणापासून होती आणि पुढे तिला सुपारीची जोड मिळाली. फेब्रुवारीत नेमक्या त्याच जागी एक जखम झाली. दात लागून झाली असेल असे समजून एका दवाखान्यात तीन महिने मलम आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या देण्यात आल्या. तोंड पुरेसे उघडेना तेव्हा आम्ही त्यांना दुसऱ्या दंतवैद्यांकडे नेले, त्यांनी त्याच दिवशी तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि स्क्वेमस सेल कार्सिनोमा, म्हणजे अस्तराच्या चपट्या पेशींचा कर्करोग, असे निदान झाले. त्यानंतर तीन आठवड्यांनी शस्त्रक्रिया झाली. मानेत हाताला काहीही लागत नव्हते, तरीही शल्यविशारदांनी मानेतील लसीका ग्रंथी (लिम्फ नोड) काढल्या.

अहवालात लिहिले आहे की गाठ २.२ सेंटिमीटरची असून तिची खोली ८ मिलिमीटर आहे, आक्रमणाचा नमुना ४ आहे, आणि काढलेल्या ३१ ग्रंथींपैकी दोन ग्रंथींमध्ये कर्कपेशी सापडल्या आहेत. त्यांतील मोठा साठा ६ मिलिमीटरचा आहे, मात्र ग्रंथीच्या कवचाबाहेर पेशी गेलेल्या नाहीत.

मी ठाण्यात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. अभिस्तराच्या, म्हणजे तोंडाच्या आतल्या अस्तरासारख्या आवरणाच्या, पेशी ई-कॅडहेरिन या प्रथिनाने एकमेकींना धरून असतात, कर्करोगात ते कमी होते, पेशी सुट्या होतात आणि पसरतात, असे आम्ही शिकलो. परंतु गेल्या महिन्यात वर्गात दाखवलेल्या एका स्लाइडमध्ये मानेच्या ग्रंथीत जाऊन बसलेल्या कर्कपेशींभोवती ई-कॅडहेरिन दाखवणाऱ्या रंगाची तपकिरी रेघ मधाच्या पोळ्यासारखी अखंड दिसत होती. पकड सुटल्याशिवाय पेशी गालातून मानेत जाणार नाहीत, आणि पकड सुटलेली असेल तर ती तिथे दिसायला नको. यातले काय बरोबर धरायचे?

दुसरी गोष्ट मी केवळ विद्यार्थिनी म्हणून विचारत नाही. मामी रोज म्हणतात, “तुकडा काढायला मी सही केली, म्हणून ते मानेत उतरलं.” त्यांना काय सांगावे हे मला कळत नाही. आणि मामांच्या गाठीवर ई-कॅडहेरिनची तपासणी करून घेतली, तर पुढच्या उपचारांना तिचा काही उपयोग होईल का?

नीलिमा, खारघर

शर्वरीताई, मी पेशीजीवशास्त्रात काम करते, त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नापुरतेच लिहिते. तुमच्या मनात उभा राहिलेला विरोध खरा आहे, आणि “पकड सुटली म्हणून पसरला” या सुटसुटीत वाक्यातच तो दडलेला आहे. कर्कपेशी पकड सोडून देतात यापेक्षा त्या पकड बदलतात असे म्हणणे वस्तुस्थितीच्या जास्त जवळ जाते. कुणाला सोडायचे, कुणाला धरून ठेवायचे आणि नव्याने कशाला धरायचे, हे त्यांच्या बाबतीत जागेप्रमाणे बदलत जाते.

आधी निरोगी गालाचा विचार करू. तिथल्या अस्तराला दिवसभर घास, दात आणि जीभ यांचे घर्षण सोसावे लागते, म्हणून पेशींची बांधणी एकाच धाग्यावर अवलंबून नसते. शेजारच्या दोन पेशींमध्ये ई-कॅडहेरिनचे सांधे असतात, आणि पेशीच्या आतून कॅटेनिन नावाची प्रथिने त्यांना ॲक्टिनच्या तंतूंशी जोडतात. त्याखेरीज डेस्मोसोम असतात, ज्यांत डेस्मोग्लीन आणि डेस्मोकॉलीन हे कॅडहेरिनच्याच कुळातले रेणू असून ते आतल्या केराटिनच्या जाळ्याला बांधलेले असतात. पेम्फिगस व्हल्गॅरिस या आजारात शरीर स्वतःच्याच डेस्मोग्लीन-३ विरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि तोंडभर फोड येऊन सोलवटते, यावरून हे सांधे किती भार पेलतात ते लक्षात येईल. सर्वांत खालच्या थरातील पेशी अल्फा-६-बीटा-४ या इंटिग्रिनच्या, म्हणजे पेशीला भोवतालच्या आधाराशी बांधणाऱ्या प्रथिनाच्या, साहाय्याने अस्तराखालच्या पातळ थरातील, म्हणजे आधारपटलातील, लॅमिनिन या प्रथिनाला घट्ट धरून असतात.

ई-कॅडहेरिनची पकड कॅल्शियमवर चालते, ही गोष्ट मासातोशी ताकेइची या जपानी शास्त्रज्ञांच्या कामातून पुढे आली. प्रयोगशाळेत आम्ही ती जवळजवळ रोज डोळ्यांनी पाहतो. फ्लास्कच्या तळाशी तोंडाच्या कर्कपेशी फरशी बसवल्यासारख्या एकसंध पसरलेल्या असतात. त्यांच्यावरचे द्रव काढून आम्ही ट्रिप्सिन आणि ईडीटीए यांचे मिश्रण घालतो. ईडीटीए कॅल्शियम ओढून घेते, कॅडहेरिनचा ताठ दांडा लुळा पडतो आणि मग ट्रिप्सिन त्याला सहज कापते. सूक्ष्मदर्शकाखाली आधी पेशींच्या सीमांवर बारीक उजळ भेगा दिसू लागतात, मग एकेक पेशी अंग चोरून गोल होते, आणि काही मिनिटांत फ्लास्कला हलकी टिचकी मारली की सगळ्या तरंगू लागतात. कॅल्शियम असताना मात्र तेच ट्रिप्सिन कॅडहेरिनला फारसे कापू शकत नाही.

आता गाठीकडे येते. ई-कॅडहेरिनचे जनुक, म्हणजे सीडीएच-१, आपल्या १६ व्या गुणसूत्रावर असते. न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबात पिढ्यान् पिढ्या होणाऱ्या जठराच्या कर्करोगामागे हेच जनुक बिघडलेले असल्याचे १९९८ मध्ये दिसून आले. तिथे जनुकच तुटलेले होते. तोंडाच्या कर्करोगात असे क्वचित आढळते. इथे बहुतेक वेळा जनुक शाबूत असते, पण त्याच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइल गट चिकटून ते मूक होते, किंवा स्नेल, स्लग, ट्विस्ट, झेब यांसारखी नियामक प्रथिने त्याला दाबून ठेवतात, किंवा तयार झालेले प्रथिन पेशीच्या कडेवरून आत ओढले जाते. नळ फुटलेला नसतो, त्याची चावी बंद केलेली असते, आणि बंद केलेली चावी पुन्हा उघडता येते. ग्रंथीत पोहोचून स्थिरावलेल्या पेशींमध्ये ई-कॅडहेरिन पुन्हा दिसण्याचे हे एक कारण आहे.

दुसरे कारण मला स्वतःला अधिक महत्त्वाचे वाटते. पुष्कळ पेशी मुळात सुट्या होतच नाहीत. संध्याकाळच्या गर्दीत ठाणे स्थानकाच्या पुलावरून एखादे कुटुंब जाताना पाहा. पुढचा माणूस कोपराने वाट काढतो आणि मागची माणसे एकमेकांचे हात न सोडता त्याच्या मागून जातात. गाठीच्या आक्रमक कडेवर बरेचसे असेच घडते. २०१७ मध्ये तोंडाचा कर्करोग झालेल्या १८ रुग्णांच्या गाठींमधील एकेक पेशी स्वतंत्रपणे तपासणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कडेवरच्या पेशींनी व्हिमेंटिन या प्रथिनासारखी भटक्या पेशींची काही लक्षणे उचललेली होती, पण अभिस्तराच्या खुणा टाकून दिलेल्या नव्हत्या. याला अर्धवट ई.एम.टी., म्हणजे अभिस्तराच्या पेशीचे भटक्या पेशीत अर्धवट रूपांतर, असे म्हणतात, आणि अशी कड असलेल्या गाठींचा मानेच्या ग्रंथींत पसरण्याशी संबंध आढळला. तुमच्या पाठ्यपुस्तकातील पूर्ण रूपांतराचे चित्र यापेक्षा बरेच वेगळे आहे.

पुढच्या माणसाला कोपर लागते, तसे पुढच्या पेशीला नवे इंटिग्रिन लागते. अल्फा-व्ही-बीटा-६ हे इंटिग्रिन निरोगी गालात जवळजवळ नसतेच, परंतु तोंडाच्या कर्करोगात ते पुष्कळ वाढते. त्याच्या आधारे पेशी खालच्या ऊतीला धरून पुढे सरकतात. शिवाय निद्रिस्त अवस्थेत साठलेल्या टीजीएफ-बीटा या संकेतद्रव्याला हेच इंटिग्रिन जागे करते, आणि टीजीएफ-बीटा पुन्हा ई-कॅडहेरिनची चावी बंद करण्याकडे ढकलते. सोबत एमएमपी-२ आणि एमएमपी-९ ही विकरे आधारपटलातील चौथ्या प्रकारचे कोलॅजन विरघळवतात. इथे मामांच्या सुपारीचा उल्लेख करावाच लागतो. सुपारीतील अरेकोलिन या द्रव्यामुळे तोंडाच्या अभिस्तराच्या पेशींवर हेच इंटिग्रिन वाढते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. तोंड उघडेनासे होणे हे गाठ चावण्याच्या स्नायूंपर्यंत गेल्याने होऊ शकते, तसेच सुपारीमुळे गालाच्या आत कोलॅजन साठून येणाऱ्या ताठरपणानेही. सुपारी तंबाखूशिवाय खाल्ली तरी कर्करोगकारक आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केले आहे, आणि तरीही आपल्याकडे लग्नाच्या पंगतीनंतर ती लहान मुलांच्या हातावर ठेवली जाते, याचे मला फार वाईट वाटते.

आधार सुटलेली पेशी एरवी मरते, कारण तळाशी असलेल्या पकडीतूनच तिला जगण्याचे संकेत मिळत असतात. या मृत्यूला अनॉयकिस म्हणतात. समूहाने प्रवास करणाऱ्या पेशी एकमेकींना धरून असल्यामुळे त्याला काही प्रमाणात चुकवू शकतात. स्तनाच्या कर्करोगावर उंदरांमध्ये केलेला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या संदर्भात पाहण्यासारखा आहे. ई-कॅडहेरिन काढून टाकल्यावर पेशी आजूबाजूला जास्त घुसल्या, पण दूरच्या अवयवांत त्यांच्या वसाहती कमी झाल्या, कारण वाटेत त्यांतील बऱ्याच मेल्या. घुसण्यासाठी जी पकड अडथळा ठरते, तीच जगण्यासाठी उपयोगी पडते. स्तनावरचा निष्कर्ष गालाला जसाच्या तसा लावता येणार नाही, परंतु तुमच्या स्लाइडमधल्या तपकिरी रेघेकडे पाहण्याची दृष्टी त्यातून नक्की मिळते.

आपल्याकडच्या कामाचाही उल्लेख करते. हिरड्या आणि गाल यांच्या कर्करोगातील जनुकीय बदलांची भारतीय रुग्णांमधील मोठी पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात कल्याणी येथील संस्थेबरोबर खारघरचे ॲक्ट्रेक हे टाटा मेमोरियलचे कर्करोग संशोधन केंद्रही होते. वारंवार बिघडलेल्या आढळलेल्या जनुकांत फॅट-१ होते. फॅट-१ हा कॅडहेरिनच्या कुळातलाच, पण आकाराने प्रचंड रेणू आहे. त्यात कॅडहेरिनचा एकच घटक ३४ वेळा येतो. हे जनुक काढून टाकले की उंदरांच्या स्क्वेमस कर्करोगात पेशी त्याच अर्धवट रूपांतराच्या अवस्थेत जातात आणि अधिक पसरतात, हे २०२१ मध्ये दाखवले गेले.

वसंत, नौपाडा

मी वैद्यकातला नाही, बँकेतून निवृत्त झालो आहे. माझ्या धाकट्या भावाचे जिभेचे ऑपरेशन झाल्यामुळे हा विषय आमच्या घरात रोजचा आहे. नीलिमाताईंचे उत्तर दोनदा वाचले आणि बरेचसे समजले. एक शंका आहे. पेशींची पकड हाच जर कळीचा मुद्दा असेल, तर पेशींना पुन्हा चिकटवणारे किंवा त्यांची नवी पकड मोडणारे औषध का देत नाहीत? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अशा एका चूर्णाची जाहिरात फिरते आहे आणि भावाने ते मागवण्याचा हट्ट धरला आहे.

नीलिमा, खारघर

वसंतकाका, नवी पकड मोडण्याचा प्रयत्न झालेला आहे. सिलेंजिटाइड नावाचे इंटिग्रिन अडवणारे औषध मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा या कर्करोगावरील मोठ्या चाचणीत वापरले गेले. २०१४ मध्ये निकाल आला तेव्हा रुग्णांचे आयुष्य त्याने वाढले नाही, असे दिसले. पेशीकडे अनेक प्रकारची इंटिग्रिने असतात, एक अडवले तर ती दुसऱ्यावर भागवते, आणि निरोगी पेशींनाही हीच इंटिग्रिने लागतात. पुन्हा चिकटवण्याच्या कल्पनेत तर वेगळाच धोका आहे, कारण ग्रंथीत पोहोचलेल्या पेशींना वसाहत करायला तीच पकड उपयोगी पडते, हे वर लिहिलेच आहे. ते चूर्ण कृपया मागवू नका. भावाने आधीच घ्यायला सुरुवात केली असेल, तर त्याची डबी पुढच्या भेटीत डॉक्टरांना अवश्य दाखवा.

डॉ. मृणाल, ठाणे

मी पॅथॉलॉजिस्ट आहे आणि तोंडाच्या गाठींच्या स्लाइड रोज पाहते. शर्वरी, आधी मामींबद्दल लिहिते, कारण मला तोच प्रश्न सर्वांत तातडीचा वाटला.

तुकडा काढल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत तीन आठवडे गेले. ग्रंथीत सापडलेला साठा ६ मिलिमीटरचा आहे, म्हणजे त्यात काही कोटी पेशी आहेत. गालातून सुटलेल्या मूठभर पेशींनी लसीकावाहिनीतून जाऊन, ग्रंथीच्या कडेशी अडकून, तिथे तग धरून इतकी वाढ करायला तीन आठवडे पुरत नाहीत. त्या पेशी मामींनी सही करण्याच्या कितीतरी आधी मानेत पोहोचलेल्या होत्या. हे त्यांना याच शब्दांत सांगा, आणि सांगताना अहवालातील ६ या आकड्यावर बोट ठेवून सांगा. तुकडा काढला नसता तर निदान झाले नसते आणि शस्त्रक्रियाही झाली नसती. वेळ गेला तो मलम लावण्यात, आणि त्यात मामींचा काही दोष नाही. तोंडातली कुठलीही जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर तिचा तुकडा तपासायलाच हवा.

हाताला काही लागत नसताना मानेच्या ग्रंथी का काढल्या, हे तुम्ही विचारलेले नाही, पण ते समजून घ्या. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रश्नावर मोठी चाचणी केली. सुरुवातीच्या अवस्थेतील तोंडाच्या कर्करोगात मानेच्या ग्रंथी गाठीबरोबरच काढाव्यात, की त्यांत रोग दिसल्यावर काढाव्यात, याची तुलना तिच्यात होती. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार तीन वर्षांनंतर पहिल्या गटातील ८० टक्के रुग्ण हयात होते आणि दुसऱ्या गटातील ६७.५ टक्के. नीलिमाताईंनी वर्णन केलेल्या छोट्या टोळ्या बोटांना लागत नाहीत आणि स्कॅनमध्येही अनेकदा दिसत नाहीत, म्हणून हा फरक पडतो. मामांच्या दोन्ही ग्रंथी अशाच होत्या.

आता अहवाल. गाठीची लांबी-रुंदी आणि तिची खोली या निराळ्या गोष्टी आहेत. गालाच्या पृष्ठभागावर मोठी पसरलेली गाठ उथळ असू शकते आणि लहान दिसणारी गाठ खोल गेलेली असू शकते. खोल भागात लसीकावाहिन्या अधिक व रुंद असतात, म्हणूनच २०१८ पासून वापरात असलेल्या अवस्थानिर्धारणाच्या पद्धतीत ५ आणि १० मिलिमीटर या खोलीच्या सीमा आल्या. ८ मिलिमीटर हा आकडा तुमच्या कोड्याचे बरेच उत्तर देतो. आक्रमणाचा नमुना ४ म्हणजे गाठीच्या पुढच्या कडेला, प्रत्येकी साधारण १५ किंवा त्याहून कमी पेशींची सुटी बेटे दिसली. ही बेटे म्हणजेच पुलावरचे ते कुटुंब होय. अशा गाठीवर ई-कॅडहेरिनचा रंग चढवला, तर मध्यभागी पोळ्याची तपकिरी जाळी अखंड दिसते, कडेकडे सरकावे तशी रेघ बारीक होत जाते, कुठे तुटते, कुठे रंग पेशीच्या कडेवरून आत गेलेला दिसतो, आणि तरीही एखाद्या बेटातील चार-सहा पेशींमधली सामाईक रेघ टिकलेली असते. एकाच काचेवर, एक-दोन मिलिमीटरच्या अंतरात, हे सगळे शेजारी शेजारी असते. त्यामुळे “ई-कॅडहेरिन कमी आहे” किंवा “पुरेसे आहे” असा एका शब्दाचा निकाल मी प्रामाणिकपणे देऊ शकणार नाही.

यातच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आले. मामांसाठी ही तपासणी करून घेऊ नका. गटागटांच्या अभ्यासांत ई-कॅडहेरिन घटण्याचा आणि ग्रंथींत पसरण्याचा संबंध दिसतो, पण एका रुग्णाचा उपचार ठरवताना आज कुणी त्यावर विसंबत नाही, आणि त्यांच्या ग्रंथींत रोग आहे हे तर आपल्याला आधीच कळलेले आहे. निर्णय ठरतो तो काढलेल्या भागाच्या कडा कर्कपेशींपासून मोकळ्या आहेत का, किती ग्रंथी बाधित आहेत आणि कवचाबाहेर पेशी पडल्या आहेत का, यांवर. दोन ग्रंथी बाधित असल्यामुळे किरणोपचार लागतीलच. कवचाबाहेर पेशी सापडल्या असत्या तर त्यासोबत केमोथेरपीचाही विचार झाला असता. तपासणीचे पैसे वाचवा आणि किरणोपचार शस्त्रक्रियेपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू होतील याकडे लक्ष द्या. त्याआधी दंतवैद्यांकडून दात तपासून घ्या आणि जे दात काढणे भाग आहे ते आधीच काढून टाका, कारण किरणोपचारानंतर जबड्याचे हाड नीट भरून येत नाही.

शर्वरी, कोपरखैरणे

मृणालताई, नीलिमाताई, आपले मनापासून आभार. काल रात्री मामींसमोर अहवाल उघडून ६ या आकड्यावर बोट ठेवले आणि तीन आठवड्यांचा हिशेब त्यांना सांगितला. त्यांनी तो कागद बराच वेळ हातात धरला, मग विचारले, “म्हणजे तो दवाखाना बदलला तेव्हाही ते तिथंच होतं?” मी हो म्हणाले. त्यानंतर त्या मामांजवळ जाऊन बसल्या. आज सकाळी त्यांनी स्वतःच दंतवैद्यांना फोन करून गुरुवारची वेळ घेतली आहे. शस्त्रक्रियेला १९ दिवस झाले आहेत. किरणोपचारांच्या आखणीसाठी सोमवारी बोलावले आहे, म्हणजे दात काढावे लागले तरी जखम भरायला वेळ मिळेल का, हे मी दोन्हीकडे विचारून घेते.

डॉ. मृणाल, ठाणे

सोमवारी आखणीच्या वेळीच किरणोपचाराच्या डॉक्टरांना गुरुवारच्या भेटीबद्दल सांगा. दात काढल्यावर साधारण दोन आठवडे मिळावेत असे पाहतात आणि तुमच्याकडे तेवढा अवधी आहे. पॅराफिनचे ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेले गाठीचे तुकडे, मात्र प्रयोगशाळेकडून परत घेऊ नका, ते तिथेच सुरक्षित राहू द्या.